पाय न टेकणारी गाडी

माझे पाय जमिनीला टेकत नाहीत अशी मोटारसायकल मी विकत घेतली, आणि ती घेऊन भूकंपानं फाटलेल्या पहाडी रस्त्यावर गेलो.

यात मला कोणी फसवलं नाही. फसवलं असतं तर बरं झालं असतं. चिडायला दुसरं कोणीतरी मिळालं असतं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं. बायकोनं सांगितलं, मिस्त्रीनं सांगितलं, मुलीनं तर तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करून सांगितलं. एवढी माणसं एकाच वेळी बरोबर असू शकतात यावर माझा विश्वास बसला नाही.

आमची एकुलती एक मुलगी उत्तरेकडच्या पहाडात एका छोट्या आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे. तिच्या नोकरीला दीड वर्ष झालं आणि तिथं भूकंप झाला. ती वाचली, केंद्रही वाचलं; पण ती राहायची त्या खोलीच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत चीर गेली, म्हणून ती शाळेच्या मैदानावरच्या तंबूत राहायला गेली. हे तिनं फोनवर इतक्या आरामात सांगितलं की जणू रायपुरातल्या रायपुरात, बूढ़ापाऱ्यातून पुरानी बस्तीत घर बदललं असावं. त्यानंतर तिकडे रोज एक-दोनदा जमीन हलायची. हलली की आम्ही फोन करायचो, आणि फोन लागला नाही की रायपुरात आमच्या घरात सगळं हलायचं.

एक दिवस बायको म्हणाली, "पोट्टीले घेऊन या."

"ती नाही म्हणते ना."

"तिले कोण विचारून राहिलं?"

विषय संपला. आता जायचं कसं? मुलगी म्हणत होती की पायथ्याच्या गावापर्यंत बस येते, पण पुढचा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता असा तुटलाय की जीपसुद्धा जात नाही, फक्त मोटारसायकली जातात. "इसलिए मत आओ बाबा." आमच्या घरात ती लहानपणापासून मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. रस्त्याचं सगळं ती, मी येऊ नये याचं कारण म्हणून सांगत होती. मी ते मोटारसायकल घेण्याचं कारण म्हणून ऐकलं.

तसं पाहिलं तर माझ्याकडे मोटारसायकल होती. शंभर सीसीची, काळी, एकोणीस वर्षं जुनी. तिच्यावर मी रोज ऑफिसला गेलो, सिंचन विभागात नकाशे काढत नोकरी केली, बुढा तलावाभोवती फेऱ्या मारत मुलीला गाडी शिकवली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री बसतो. तो तरुणपणी पहाडात रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या गाड्या दुरुस्त करत सहा वर्षं राहिलेला आहे. त्याच्याकडे गेलो. त्यानं काळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, दोन्ही टायर नवे घाला, ब्रेक शू बदला, चेन बदला, एक जास्तीची क्लच वायर बरोबर ठेवा आणि हीच घेऊन जा.

मी म्हणालो, ही फार जुनी झाली.

"आप भी तो पुराने हैं भैया, चल रहे हैं न?" तो म्हणाला. मग जरा गंभीर होऊन त्यानं सांगितलं, "देखो, वहाँ गिरोगे, ये तो पक्का है. गाड़ी वो ले जाना जिसको अकेले उठा सको."

आता सांगा, बापाला मुलीला सोडवायला जायचंय आणि हा माणूस पडण्याच्या गोष्टी करून राहिला. मला राग आला. मी घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ पाहायला लागलो. पंधरा दिवस पाहिले. त्यात दाढीवाला एक उंच माणूस एका उंच गाडीवरून नदी ओलांडायचा आणि दोन्ही बाजूंना पाणी उडायचं. मी दर वेळी पाणी पाहिलं. त्या माणसाचे पाय एकदाही पाहिले नाहीत.

पंडरी बाजाराच्या पुढे एका शोरूममध्ये तशीच गाडी उभी होती. माझी उंची पाच फूट तीन इंच. सेल्समननं हँडल धरलं, मी टांग टाकून चढलो, म्हणजे दोनदा प्रयत्न करून चढलो, आणि वर गेल्यावर लक्षात आलं की खालचं जग जरा लांब गेलंय. सेल्समन फार सभ्य. तो म्हणाला, "सर, थोड़ा-सा खिसक के बैठेंगे तो एक पैर आ जाएगा." मी खिसकलो. आणि खरंच आला. एक पाय. त्याचाही अंगठा.

मग गाडी चालवून पाहिली. गुळगुळीत रस्ता, सकाळची वेळ, पुढे कोणी नाही. मी एकदाही थांबलो नाही, त्यामुळे पायांचा प्रश्नच आला नाही. गाडी माझ्यासाठीच केलेली आहे असं मला वाटलं.

घरी आल्यावर बायकोनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मला लिंबावरून गाडी पुढे घ्यायची होती. तिनं आरतीचं ताट हातात तसंच धरून विचारलं, "अहो, तुमचे पाय काहून लटकून राहिले?"

मी म्हणालो, "चालवताना पाय वरच ठेवायचे असतात."

"आन् थांबल्यावर?"

मी म्हणालो, थांबायची गरज पडणार नाही. हे वाक्य मी शुद्धीवर असताना बोललेलो आहे.

मिस्त्रीनं नवी गाडी पाहिली. दोन दिवस नुसता नमस्कार. तिसऱ्या दिवशी त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, आता घेतलीच आहे तर लिहून घ्या. मी लिहून घेतलं. वजन कमी न्यायचं, आणि नेलं तर खाली बांधायचं, सीटच्या वर नाही. मागे वर वजन आलं की पुढचं चाक हलकं होतं आणि ऐकत नाही. भेग दिसली की थांबायचं, उतरून चालत पाहून यायचं, आणि भेगेला आडवं, सरळ कापून जायचं. भेगेच्या बाजूबाजूनं गेलं की चाक आत धरलं जातं. दरीकडच्या कडेला कधीच जायचं नाही, वरून डांबर दिसतं पण खालची माती गेलेली असते. डोंगराच्या उताराखाली फोटो काढायला थांबायचं नाही. जमीन हलली तर पूल, तारा आणि उतार सोडून मोकळ्या जागी थांबायचं, इंजिन बंद करायचं. आणि तीन वाजल्यानंतर रस्त्यावर राहायचं नाही.

मी नकाशे काढणारा माणूस. हे सगळं मी सुबक अक्षरात एका कार्डावर लिहिलं, भेगेची छोटी आकृती काढली, बाण दाखवले आणि कार्डाला प्लास्टिक चढवून घेतलं. कार्ड इतकं सुरेख झालं की ते पाळायची गरज वाटेनाशी झाली.

आणि मग सुरू झाला खरा भूकंप. आमच्या इथल्या मराठी घरांत एक रीत आहे. कोणी कुठे चाललं हे कळलं की "जाऊनच राहिले तर एवढं घेऊन जा" म्हणत डबे यायला लागतात. नागपूरला जाणाऱ्याला सोडत नाहीत, तर भूकंपातल्या पोरीकडे जाणाऱ्याला कोण सोडणार? माझ्या मोठ्या वहिनीनं शेवेचे लाडू दिले. मावशीनं पुरानी बस्तीतून रिक्षा करून गोधडी आणली, तंबूत पोरीला थंडी वाजेल म्हणून. मावशीच्या सुनेनं मेतकूट दिलं, लोणच्याची काचेची बरणी दिली. आणि मावशीनंच उन्हाळ्यात केलेल्या कुरड्यांचा एक मोठा पत्र्याचा डबा दिला. मी म्हणालो, मावशी, कुरड्या तळायला लागतात, ती तंबूत राहून राहिली. मावशीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कढई पाठवली.

मी प्रत्येकाला नाही म्हणायला तोंड उघडलं आणि प्रत्येकाच्या डोळ्यात पाणी पाहून बंद केलं. गाडीवर हे सगळं एकाच ठिकाणी बसलं: मागच्या सीटवर, एकावर एक, वर पालथी कढई आणि त्यावर रबरी दोऱ्या. मिस्त्रीनं पाहिलं तेव्हा तो पंक्चर काढत होता. त्यानं मान खाली घातली आणि पंक्चरच काढत राहिला.

गाडी रेल्वेच्या पार्सलनं गेली, डबे आणि मी डब्यात. उतरल्यावर पायथ्याच्या गावापर्यंतचा रस्ता बरा होता. तिथून पुढे मात्र रस्ता म्हणजे आठवण राहिली होती. डांबर पापडासारखं उचललं गेलेलं, मध्येच हातभर रुंद भेगा, त्यांत खडी भरलेली. कुठे अर्धा रस्ता जागेवर आणि अर्धा खाली नदीकडे. जिथे जायचं नाही तिथे चुन्यानं पांढरे केलेले दगड ओळीनं मांडलेले. मिस्त्रीनं सांगितलेलं एकेक दृश्य समोर येत होतं आणि मला वाटत होतं, अरे, हा माणूस खरं बोलत होता.

पहिल्यांदा पडलो तेव्हा मी चालवत नव्हतो. उभा होतो. पुढे जेसीबी दरड काढत होती, मोटारसायकलींची रांग लागली होती, सगळ्यांनी आरामात दोन्ही पाय टेकले होते. मी अंगठा टेकला. रस्ता त्या बाजूला जरा उतरता होता, त्यामुळे अंगठ्याखाली जमीन यायलाच तयार नव्हती. गाडी आधी हळूहळू कलली, मग तिनं निर्णय घेतला. आतून कुरड्यांचा असा काही आवाज आला की पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. गाडी उचलायला तीन माणसं लागली, त्यांत मी धरलेला नाही.

दुसऱ्यांदा भेगेपाशी. उतरून चालत पाहून यायचं होतं. पण उतरायचं म्हणजे पुन्हा चढायचं, आणि चढायला मला एखादा उंच दगड शोधावा लागायचा. म्हणून नाही उतरलो. पुढचं चाक हलकं झालेलं होतंच. मी हँडल एकीकडे वळवलं, चाक भेगेच्या बाजूबाजूनं मजेत गेलं आणि आत बसलं. लोणच्याची बरणी तिथे गेली. पुढचा सगळा रस्ता माझ्या पाठीला कैरीचा वास येत होता.

मध्येच जमीन हलली. फार नाही, चार-पाच सेकंद.  वरून बारीक खडे घरंगळायला लागले. आजूबाजूचे लोक झटकन उताराखालून बाजूला झाले. मी खिशातून कार्ड काढलं. मग चष्मा शोधला. हलली तर काय करायचं ही ओळ पाचवी होती; तिथपर्यंत वाचत आलो तोवर हलायचं थांबलं होतं. मी उताराखालीच उभा होतो.

तिसऱ्या वेळेबद्दल बायकोला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. रस्त्यात पाण्याचं डबकं होतं, खोल असेल म्हणून मी ते टाळलं आणि पांढऱ्या दगडांच्या बाहेरून, दरीकडच्या कडेनं गाडी घेतली. तिथलं डांबर छान काळं दिसत होतं. मागचं चाक त्यावर आलं आणि डांबर बिस्किटासारखं तुटलं. गाडी मागे झुकली. मी पाय टाकला, सवयीनं अंगठा. खाली काहीच नव्हतं. त्या क्षणी मला मुलगी आठवली नाही, देव आठवला नाही, सेल्समन आठवला. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या टोळीतल्या एका बाईनं माझ्या पाठीवरची पिशवी धरून मला अलीकडे ओढलं, तसा मी तिच्या पायांशी येऊन पडलो. गाडी इंजिनाखालच्या लोखंडी पट्टीवर अडकून राहिली, मागचं चाक हवेत फिरत. तिला दोर लावून काढलं.

बाई म्हणाली, "किनारा अंदर से खाली है, बाबूजी." आणि तिनं डबक्यात फावडं उभं करून दाखवलं. वीतभर पाणी होतं.

मग मी एका दगडावर बसलो आणि उठलो नाही.  आतापर्यंत मी सगळ्यांवर चिडत आलो होतो, मावशीवर, मिस्त्रीवर, सरकारवर, कढईवर. आता चिडायलाही कोणी उरलं नव्हतं. मला एवढंच समजत होतं की पोरीला या रस्त्यानं माझ्या मागे बसवून खाली आणायचं आहे, आणि माझ्या मागची सीट ही या रस्त्यावरची सगळ्यात धोक्याची जागा आहे.

अर्ध्या तासानं वरून एक मोटारसायकल आली. शंभर सीसीची, आमच्या काळ्या गाडीसारखीच, फक्त लाल. दोन्ही बाजूंना खाली, चाकाच्या उंचीला, पत्र्याच्या दोन पेट्या बांधलेल्या. चालवणारीनं ती पांढऱ्या दगडांच्या आतल्या बाजूला थांबवली, दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले आणि हेल्मेट काढलं. आमची पोट्टी.

तिला कळलं कसं, तर वर जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी बातमी माझ्या आधी पोचवली होती. छोटे कद के एक अंकल आ रहे हैं, गिरते-गिरते, और पीछे कढ़ाई बाँधी है. कढई ऐकल्यावर तिला शंका राहिली नाही.

तिनं मला आधी नीट चाचपून पाहिलं, कोपरावरचं खरचटलेलं पुसलं, पट्टी लावली. मग गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर गोधडी, डबे, कढई. 

"बाबा, मैं कहाँ बैठूँगी?"

रायपूरपासून इथपर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी तिला आणायला निघालो होतो आणि तिची जागा मी कुरड्यांना दिली होती.

मी विचारलं, "म्हणजे तू येऊन राहिली?"

"नहीं. बस पूछ रही हूँ."

ती जे म्हणाली ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण ती भरभर बोलते आणि मी मधूनमधून रडत होतो. केंद्राच्या पुढे तीन गावं आहेत. तिथं म्हाताऱ्यांना बीपीच्या, साखरेच्या गोळ्या लागतात. रस्ता तुटल्यापासून त्या हीच केंद्राच्या लाल गाडीवरून पोचवते. कोणाला कोणती गोळी, हे तिच्या पेट्यांतल्या पुड्यांवर लिहिलेलं असतं आणि उरलेलं तिच्या डोक्यात. रस्ता झाला, दुसरं कोणी आलं, की ती रजा घेऊन घरी येईल. आत्ता नाही.

उरलेले नऊ किलोमीटर मी तिच्या मागे बसून गेलो. माझी गाडी खडीच्या टोळीच्या एका उंच ड्रायव्हरनं आणली, आणि त्याच्या खाली ती अगदी व्हिडिओतल्यासारखी दिसत होती. भेग आली की पोरगी मला उतरवायची, स्वतः चालत पाहून यायची, मग आडवी, सरळ कापायची, आणि पलीकडे थांबून माझी वाट पाहायची. कडेला एकदाही गेली नाही. घड्याळ पाहत होती. तीनच्या आत पोचलो. माझ्या कार्डावरची एकेक ओळ ती कार्डाशिवाय पाळत होती. मी विचारलं, हे कुठे शिकलीस?

"मिस्त्री अंकल से. पहले ही हफ़्ते फ़ोन किया था."

म्हणजे आमच्या गल्लीतल्या त्या माणसाला सगळं माहीत होतं, आणि मी त्याला नवी गाडी दाखवायला घेऊन गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी कुरड्यांचा डबा उघडला. आत रवा होता. शाळेच्या मैदानावर सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक चालायचा. तिथल्या बायकांनी तो रवा खिचडीत टाकला आणि कढई ठेवून घेतली. गोधडी एका म्हातारीला गेली. लाडू मी खाल्ले.

दुपारी आम्ही टेकाडावर गेलो, कारण रेंज फक्त तिथेच यायची. फोन स्पीकरवर ठेवून मी बायकोला सांगितलं की पोट्टी येत नाही. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. तिनं मुलीला विचारलं की कुठे झोपते, काय खाते, भिंतीपासून किती लांब आहे. मुलगी एकेक उत्तर देत होती. मग बायकोनं विचारलं, "गाडीवर बसली का तुझे पाय टेकतात का जमिनीले?"

"हव आई. दोनों."

  बायको म्हणाली, "राहा मग. पण रोज फोन करजो."

मुलीनं तोंड दुसरीकडे वळवलं. मलाच काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो की ठीक आहे, मी उद्या सकाळी निघतो. मुलगी लगेच वळली आणि म्हणाली, उस गाड़ी पे आप नीचे नहीं जा रहे. ड्रायव्हर खाली जाईल तेव्हा गाडी नेईल. तो पुढच्या आठवड्यात जाईल. आणि मला खाली सोडायला तिला तोवर वेळ नाही, कारण तीन गावांच्या फेऱ्या आहेत. हे सगळं स्पीकरवरून रायपुरात ऐकू गेलं.

"पोट्टीले आणायले तुम्हाले पाठवलं होतं," बायको म्हणाली. "आता तुम्हाले आणायले कोणाले पाठवू?"